गिरणगावात लोक घर नाही, पावती विकत घ्यायचे

गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं द्यायची योजना आली, तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतोय. "स्वस्तात घर मिळतंय ना? मग लांब काय अन् जवळ काय? मुंबईचाच हट्ट कशाला?" विचारणारे सगळेच काही वाईट हेतूने विचारत नाहीत. स्वतः वीस वर्षांचं कर्ज काढून बदलापूर-विरारला राहणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आमच्या तीन पिढ्या गिरणगावात गेल्या, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, डिलाईल रोड असा सगळा भाग भोंग्यावर चालायला लागला. माणसं आली कोकणातून, घाटावरून. त्यांना घर कुणी दिलं? बहुतेकांना कुणीच नाही. काही गिरण्यांनी थोड्या चाळी बांधल्या, बाकी सगळं खासगी घरमालकांवर सोडलेलं. दहा बाय दहाची खोली, सामाईक नळ, सामाईक संडास.

१८९६ ला प्लेग आला तेव्हा सरकार जागं झालं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या. चाळीही बांधल्या, पण सुरुवातीची कित्येक वर्षं बांधल्या कमी आणि पाडल्या जास्त. घर गेलेला माणूस लांब गेला नाही, शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिला. कारण पाळी चुकली की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि बदली कामगाराला तर पहाटे गिरणीच्या दरवाजात उभं राहिल्याशिवाय काम मिळण्याची शक्यताच नव्हती. ट्राम परवडायची नाही. त्यामुळे 'गिरणीपासून चालत किती?' हा घराबद्दलचा पहिला प्रश्न असायचा.

मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या यांच्याच. बेत होता ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात झाल्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, खोल्या सुमारे १६ हजार. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवला. खोली १६० चौरस फुटांची, काँक्रीटची, पक्की.

आणि एवढं करून त्यातल्या कितीतरी खोल्या, विशेषतः वरळीच्या, वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. ज्या शहरात माणसं जिन्याखाली झोपत होती, त्या शहरात! भाडं कामगाराच्या आवाक्याबाहेरचं, आणि तेव्हाची वरळी म्हणजे आडबाजू. बाजार नाही, वाहन नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले. मागणी प्रचंड आणि घरं रिकामी, हा प्रकार काही आजचा नाही.

मग कामगार घर 'घ्यायचा' तरी कसा? इथे पागडी येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई वाढली. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडं वाढवता येईना, भाडेकरू काढता येईना. मग मालकाने एकरकमी पैसे मागायला सुरुवात केली. ही पागडी. कायद्याने गुन्हा, म्हणून सगळा व्यवहार रोखीत आणि तोंडी. तुम्ही खोली सोडताना नवा माणूस तुम्हाला पैसे देणार, त्यातला ठरावीक हिस्सा, बरेचदा तिसरा, मालक घेणार आणि मगच पावतीवर नाव बदलणार. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या, तुमची फक्त भाडेपावती. पण ती पावती मुलाच्या नावावर व्हायची, तिच्यावर लग्नं ठरायची. १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, म्हणजे लोक पन्नास वर्षं जे करत होते ते २००० सालापासून कायदेशीर झालं.

माझ्या आजोबांनी लालबागची खोली अशीच घेतली. आजीच्या पाटल्या, गिरणीतल्या पतपेढीचं कर्ज आणि गावच्या मंडळाकडून हातउसने, असे पैसे जमले. त्याच पैशात तेव्हा लांब उपनगरात जमिनीचा तुकडा आला असता, असं वडील नेहमी सांगत. आजोबांनी खोलीच घेतली, कारण गिरणी सात मिनिटांवर होती आणि दोन पाळ्यांच्या मधे घरी येऊन जेवता यायचं.

त्याहीपेक्षा मला थोर वाटतात त्या गावकीच्या खोल्या. एकट्याला पागडी झेपत नाही म्हणून अख्ख्या गावाने वर्गणी काढून खोली घ्यायची. संगमेश्वर, राजापूर, आजरा, चंदगड, पाटण अशा कितीतरी भागांतल्या गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या, काही अजून आहेत. भिंतीला लागून ट्रंका. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. जेवण खानावळीत, एखाद्या मावशीकडे महिन्याच्या बोलीवर. नव्याने आलेल्या पोराला नोकरी, उधारी, ओळख सगळं त्या खोलीतून मिळायचं. आता सांगा, हे 'घर' शेलूला उचलून नेता येईल?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. संपाच्या काळात आणि नंतर घर चाललं ते बऱ्याच ठिकाणी पावती विकून. लोक पागडी घेऊन डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरला गेले, नाहीतर गावी. आमच्या मजल्यावरची सहा बिऱ्हाडं अशी गेली. भोंगा बंद झाला तेव्हा 'चालत सात मिनिटं' याची किंमत कामगारासाठी शून्य झाली. आणि काही वर्षांतच तीच किंमत दुसऱ्या कुणासाठी कोटींत गेली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन हिशेबाबाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. वाटा आक्रसला.

त्या उरलेल्या वाट्यावर २०१२ ला पहिली सोडत निघाली. ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांची, किंमत साडेसात लाख. म्हणजे फुकट नाही, हे लक्षात घ्या. आजवरच्या सगळ्या सोडती मिळून घरं पंधरा हजारांच्या आसपास, आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. अर्ज करणाऱ्यांतले कितीतरी आता हयात नाहीत, वारस फाईल घेऊन फिरतायत.

आता शेलू-वांगणी. मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, कर्जत लाईनवर. कामगाराची सून दादरला घरकाम करते, नातू लोअर परळच्या ऑफिसात, बहुधा जुन्या गिरणीच्याच आवारात, हाऊसकीपिंगला आहे. त्यांनी तिथे घर घ्यायचं तर रोजचे चार-पाच तास लोकलमध्ये, नाहीतर कुलूप लावून मुंबईत भाड्याने. ज्यांना खरंच तिकडे जायचंय त्यांनी जरूर जावं. पण एवढाच पर्याय ठेवून 'प्रश्न सुटला' म्हणणं ही फसवणूक आहे.

जागेवर घर देणं अशक्य आहे असंही नाही. ज्या बीडीडी चाळी एकेकाळी रिकाम्या होत्या, तिथल्याच वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे जमीन सरकारची होती आणि लोक हटले नाहीत, म्हणून झालं. गिरण्यांच्या जमिनीबाबत लोक आधीच हटवले गेले होते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'परवडणारं घर' म्हणालं, तर किंमत विचारायच्या आधी ते कशापासून किती लांब आहे हे विचारा. आजोबांच्या पिढीला ते न शिकवता कळत होतं. लॉईडसाहेबाच्या खात्याला कळलं नाही, पण त्याने निदान चाळी मुंबईत तरी बांधल्या होत्या.