श्रद्धेची साक्ष

इ. स. १६६६ हे साल महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. त्या साली १२ मे रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात उभे राहिले आणि १७ ऑगस्टला औरंगजेबाचे पहारे चुकवून निसटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आग्र्यापासून फार दूर, तुर्की सुलतानाच्या दरबारात आणखी एक माणूस उभा करण्यात आला. पोलंडपासून येमेनपर्यंत आणि अ‍ॅमस्टरडॅमपासून कैरोपर्यंत पांगलेला ज्यू समाज त्याच्याकडे डोळे लावून बसला होता. त्या माणसाचे नाव सब्बाताई झ्वी. त्याची हकीगत आज मांडावयाची ती केवळ नवलाची गोष्ट म्हणून नव्हे. 'मी ईश्वराने पाठविलेला आहे' असे एखाद्याने म्हणावे आणि हजारो प्रामाणिक माणसांनी ते मनोभावे मानावे, तर त्यांची ही श्रद्धा त्याच्या म्हणण्याचा पुरावा ठरते काय, या प्रश्नाचा निवाडा करण्यास इतिहासाने याहून चांगले प्रकरण क्वचितच पुरविले असेल.

ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्रायल आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पुणेकरांना लाल देऊळ आठवते. पण सतराव्या शतकातील युरोपच्या व तुर्कस्तानच्या ज्यूंची मनःस्थिती समजण्यास थोडे मागे जावे लागेल. १४९२ साली स्पेनने त्यांना देशाबाहेर काढले. पुढे पॅलेस्टाईनमधील सफेद या गावी आयझॅक लुरिया नावाच्या गूढवाद्याने असे शिकविले की, सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाशाचे कण जडात अडकून पडले असून ते सोडविणे हेच भक्तांचे कार्य आहे. लुरिया १५७२ साली वारला; त्याची शिकवण मात्र गावोगाव पसरली. १६४८ साली युक्रेनमध्ये कोसॅकांच्या बंडात ज्यूंची भयंकर कत्तल झाली. आता तारणहार, म्हणजे मसीहा, येणारच, तो आपल्याला यरुशलेमला परत नेणारच, ही आशा घराघरांतून बोलली जाऊ लागली.

सब्बाताई झ्वी १६२६ साली स्मिर्ना या बंदरात जन्मला. तो विद्वान होता, पण त्याचे मन स्थिर नव्हते. कधी त्याला अत्यानंदाचे भरते येई आणि त्या भरात तो धर्मनियम मोडी. कधी तो खोल उदासीनतेत बुडे. मीच मसीहा, असे तो पूर्वीही बोलला होता, परंतु कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. १६६५ च्या वसंतात गाझा येथे नाथान नावाचा एक तरुण, आत्म्याचे विकार बरे करणारा, प्रसिद्धीस आला. सब्बाताई त्याच्याकडे गेला. कशासाठी? आपल्या मनाला शांती मिळावी म्हणून! रोगी वैद्याकडे गेला आणि वैद्याने त्याला सांगितले की, तू रोगी नाहीस, तू मसीहा आहेस. ३१ मे १६६५ रोजी ही घोषणा झाली.

आता आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. त्याच वर्षी नाथानने कैरोला पत्र पाठविले. त्यात त्याने मागणी केली ती अशी की, लोकांनी कोणतेही चिन्ह अथवा चमत्कार न मागता मसीहावर विश्वास ठेवावा. वरवर पाहता ही मागणी फार उदात्त वाटते. आपल्याकडे 'चमत्काराशिवाय नमस्कार नाही' असे म्हणतात. त्यापुढे हा नाथान किती निराळा, असे एखाद्याला वाटेल. पण या मागणीने एक गोष्ट साधली. दावा करणाऱ्याच्या खांद्यावरील सिद्धतेचा भार उचलून तो ऐकणाऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यात आला. आता मसीहाची परीक्षा व्हावयाची नव्हती; परीक्षा व्हावयाची ती श्रोत्याच्या श्रद्धेची. जो पुरावा मागेल तोच नापास!

पत्रे बंदरोबंदरी गेली. सब्बाताई स्मिर्नाला परतला आणि १६६५ च्या डिसेंबरात विरोधकांच्या सिनेगॉगचे दार त्याने कुऱ्हाडीने फोडले. गावात स्त्रिया व मुले अंगात आल्यासारखी पडत आणि मसीहाची ग्वाही देत. लोकांनी उपास धरले, दानधर्म केला, जुन्या पापांबद्दल पश्चात्ताप केला. लंडनहून ओल्डेनबर्ग या विद्वानाने त्याच महिन्यात तत्त्वज्ञ स्पिनोझाला पत्र लिहून विचारले की, ज्यू लोक स्वदेशी परतणार ही वार्ता सगळ्यांच्या तोंडी आहे, तिच्याविषयी अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यूंचे काय म्हणणे आहे? स्पिनोझाचे उत्तर उपलब्ध नाही. हॅम्बुर्गच्या ग्लुकेल नावाच्या व्यापारीण बाईने पुढे वैधव्यात आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत ती सांगते की, तिच्या सासऱ्याने राहते घर सोडले आणि दोन मोठी पिंपे हॅम्बुर्गला पाठविली. एकात कापडचोपड, दुसऱ्यात वाटाणे, कडधान्य, सुकविलेले मांस असे टिकाऊ सामान. जहाज निघाले की यरुशलेमला जावयाचे. ती पिंपे वर्षाहून अधिक काळ तशीच बांधलेली राहिली.

इकडे सब्बाताई कॉन्स्टँटिनोपलला जावयास निघाला असता १६६६ च्या फेब्रुवारीत पकडला गेला आणि पुढे गॅलिपोलीच्या किल्ल्यात ठेवण्यात आला. तुरुंगाचा दरबार झाला. दूरदूरचे भक्त तेथे येऊ लागले. यरुशलेमचे मंदिर ज्या तिथीस पडले म्हणून ज्यू लोक उपास करतात, ती तिथी त्याने आपल्या जन्माचा उत्सव म्हणून पाळावयास सांगितली. पोलंडहून नेहेम्या हाकोहेन नावाचा एक गूढवादी येऊन त्याच्याशी वाद घालून गेला. त्याचे समाधान झाले नाही आणि त्याने तुर्कांकडे तक्रार केली. १६ सप्टेंबर १६६६ रोजी एदिर्ने येथे सुलतान चौथा मेहमेद याच्या दरबारात सब्बाताईपुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या: मृत्यू किंवा इस्लाम. त्याने पगडी स्वीकारली. त्याचे नाव अझीझ मेहमेद एफेंदी झाले आणि दररोज दीडशे अस्प्रांची नेमणूक मिळाली. १६७६ साली तो अल्बेनियाकडील उल्सिन येथे वारला.

आता या हकीगतीपुढे आपला प्रश्न ठेवू. श्रद्धा हाच पुरावा, असे म्हणणारे चार युक्तिवाद करतात. आम्हाला ते चारही तपासणे जरूर वाटते.

पहिला युक्तिवाद संख्येचा. इतके लोक, त्यांत इतके विद्वान, एकाच वेळी चुकतील कसे? परंतु न्यायालयात साक्षीदार मोजताना ते स्वतंत्र आहेत की नाहीत, हे आधी पाहतात. हॅम्बुर्गच्या माणसाने सब्बाताईला पाहिले नव्हते. त्याने पत्र ऐकले होते. व्हेनिसच्या माणसानेही पत्रच ऐकले होते. सगळ्या पत्रांचा माग काढीत गेले की आपण गाझा आणि स्मिर्ना येथे पोहोचतो. हजार माणसांनी एकाच पत्रावर विश्वास ठेवला तर साक्षीदार हजार होत नाहीत. साक्षीदार एकच, बाकीची सगळी ऐकीव साक्ष.

दुसरा युक्तिवाद त्यागाचा. ज्यांनी घरदार सोडले, ते काय खोट्यासाठी? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. त्यागाने माणसाचा खरेपणा सिद्ध होतो, मताचा नव्हे. ग्लुकेलच्या सासऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणी शंका घेऊ नये. त्याची ती दोन पिंपे त्याबद्दल भरभक्कम साक्ष देतात. परंतु गॅलिपोलीतील कैदी कोण आहे, याविषयी त्या पिंपांना काहीच ठाऊक नाही.

तिसरा युक्तिवाद परिणामाचा. माणसे पश्चात्ताप करतात, दान करतात, प्रार्थना करतात. एवढे चांगले फळ वाईट झाडाला लागेल काय? त्या काळच्या पुष्कळ धर्मगुरूंना याच विचाराने गप्प बसविले. परंतु औषध म्हणून दिलेल्या नुसत्या पाण्यानेही रोग्याला हुशारी वाटते, म्हणून पाणी औषध ठरत नाही. शिवाय फळे मोजावयाची तर सगळी मोजावी. शंका घेणाऱ्यांना पाखंडी ठरविणे हेही त्याच झाडाचे फळ होते.

चौथा युक्तिवाद टिकाऊपणाचा. खोटे असते तर केव्हाच लयाला गेले असते! सब्बाताईच्या धर्मांतरानंतर बहुसंख्य लोक खिन्न होऊन घरी परतले. पण सगळे नव्हेत. नाथानने लगेच उपपत्ती लावली की, जडात अडकलेले दिव्य कण सोडविण्यासाठी मसीहाला अंधाराच्या राज्यात उतरावेच लागले. १६८३ साली सलोनिकामधील अनेक कुटुंबांनी मसीहाच्या मागोमाग इस्लाम स्वीकारला. बाहेरून मुसलमान आणि आतून सब्बाताईचे भक्त, असा हा डोन्मे समाज १९२४ च्या सुमारास लोकसंख्येच्या अदलाबदलीत तुर्कस्तानात गेला, तोवर अडीचशे वर्षे लोटली होती. टिकणे हाच पुरावा असेल तर सब्बाताईचा दावाही सिद्ध धरावा लागेल. पाहा, मसीहा विजयी झाला असता तर श्रद्धा खरी ठरली असती. तो धर्म सोडून गेला तरीही श्रद्धा खरीच ठरली. जे मत कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, त्याच्या बाजूने कोणतीही घटना साक्ष देऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे आजच्या बुद्धिवादाचे निकष तुम्ही त्या भाविक काळाला लावीत आहात. तसे नाही. ज्यूंच्या स्वतःच्या धर्मग्रंथांत प्रेषिताची कसोटी सांगितली आहे. प्रेषिताने ईश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती ईश्वराची वाणी नव्हे. आणि चिन्ह घडले तरी तो दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला तर त्याचे ऐकू नये, असे तेथे बजावले आहे. बाराव्या शतकातील मायमोनिडीज या महापंडिताने मसीहाविषयी नियम घालून दिला. त्याला चमत्कार दाखविण्याची गरज नाही, असे तोही म्हणतो. आणि एवढ्यापुरती नाथानची मागणी त्याच्या नियमासारखी दिसते. पण नियमाचा उरलेला अर्धा भाग असा की, त्याची कसोटी कृतीने लागावी: त्याने मंदिर उभारले, पांगलेले लोक गोळा केले, तर तो मसीहा, तो अयशस्वी झाला किंवा मारला गेला, तर नव्हे. दाखला म्हणून मायमोनिडीज बार कोखबाचे नाव घेतो. इ. स. १३२ ते १३५ मध्ये रोमनांशी लढलेल्या या वीराला रब्बी अकिवासारख्या थोर ऋषितुल्य पुरुषाने मसीहा मानले होते. तरी तो मारला गेला तेव्हा प्रश्न मिटला. अकिवाची श्रद्धाही तेथे पुरावा ठरली नाही! अकिवाचा मान कमी झाला नाही, आणि त्याचे मत मात्र चुकले, असे ती परंपरा आठशे-हजार वर्षांनंतरही निःसंकोचपणे सांगत होती. भक्ती आणि प्रामाण्य यांच्यामधील भेद बाहेरून आणावा लागला नाही. तो त्या धर्माच्या घरातच होता. १६६६ साली तो लोकांनी बाजूला ठेवला, इतकेच.

ज्यांनी तो बाजूला ठेवला नाही अशांत याकोब सास्पोर्टास हा प्रमुख. हॅम्बुर्गमध्ये राहून त्याने त्या धामधुमीतही मायमोनिडीजची कसोटी लावण्याचा आग्रह धरला आणि पुढे आपला पत्रव्यवहार ग्रंथरूपाने जमविला. पण आपल्याला सोयीची साक्ष म्हणून ती बिनतपासणीची घ्यावी काय? १९५४ साली इझाया तिश्बी या संशोधकाने हस्तलिखितावरून त्या ग्रंथाची आवृत्ती काढली, तेव्हा दिसून आले की सास्पोर्टासने मागाहून काही पत्रांत फेरफार केले होते. आपण आरंभापासून अधिक ठामपणे साशंक होतो, असे दिसावे म्हणून. भक्ताची साक्ष तपासावी लागते तशी संशयवाद्याचीही तपासावी लागते. इतिहासाच्या तराजूत दोघांना सवलत नाही.

मग श्रद्धा कशाचाच पुरावा नाही काय? आहे, फार मोलाचा पुरावा आहे, पण तो भक्तांविषयीचा. त्या काळच्या माणसांचे दुःख किती खोल होते, आशा कोणत्या भाषेत बोलत होती, वार्ता कोणत्या वाटांनी जात होती, हे त्या श्रद्धेवरून कळते. केवळ छळामुळे ही लाट आली म्हणावे तर अ‍ॅमस्टरडॅमचे सुखवस्तू व्यापारीही तीत वाहून गेले होते. म्हणूनच गेर्शोम शोलेम या इतिहासकाराने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लुरियाच्या शिकवणीच्या प्रसाराकडे बोट दाखविले. श्रद्धा ही अशी उलगडून पाहावयाची गोष्ट आहे. तिची टवाळी करणारा इतिहासकार आपल्या हातातला दस्तऐवजच फाडतो.

आणि हा नियम आपण स्वतःलाही लावला पाहिजे. शिवाजी महाराज आग्र्यास गेले व तेथून सुटले, हे आपल्याला प्रिय आहे म्हणून खरे नाही. रामसिंहाच्या पदरच्या माणसांनी त्याच दिवसांत आग्र्याहून लिहिलेली राजस्थानी पत्रे आहेत. ती लिहिणाऱ्यांना महाराजांची भक्ती करावयाची नव्हती. आपल्या धन्याला बातमी कळवावयाची होती. आपली भक्ती त्या पत्रांवर उभी राहू शकते. पत्रांच्या जागी ती स्वतः उभी राहू शकत नाही.

श्रद्धेला पुरावा मानल्याने प्रेषिताचे कधी नुकसान होत नाही. सब्बाताईला नेमणूक मिळाली. नाथानला नवी उपपत्ती मिळाली. घर सोडून बसलेल्या म्हाताऱ्याला मात्र दोन पिंपे परत सोडावी लागली. म्हणून 'तुमचा विश्वास हेच आमचे प्रमाण' असे जो म्हणेल, त्याने आपल्याकडून नेमके काय घेतले आणि त्याबद्दल आपले असे काय पणाला लावले, हे नागरिकांनी शांतपणे विचारावे. जो खरा आहे त्याला या प्रश्नाने राग येण्याचे कारण नाही.