वैद्याविना जलप्रवास : कल्याण बंदराच्या संदर्भात

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. उल्हास नदीतून निघालेल्या गलबतावर कोणी आजारी पडल्यास, किनारा दृष्टीस असेपर्यंत त्याला उतरविणे शक्य होते. अरबी समुद्र ओलांडू लागताच तो मार्ग खुंटे.

या अंतराचे मोल वास्को द गामाच्या परतीच्या प्रवासात दिसते. ऑक्टोबर १४९८ मध्ये अंजदीव सोडल्यावर प्रतिकूल वाऱ्यांमुळे आफ्रिकेचा किनारा गाठण्यास जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्हीने सुमारे ३० खलाशी दगावले. मालिंदीस पोहोचताच रुग्णांसाठी संत्री मागविण्यात आली. परंतु अनेकांच्या बाबतीत फार उशीर झाला होता. उणीव औषधाची नव्हती, किनाऱ्याची होती.

विसाव्या शतकात बिनतारी संदेशाने हे अंतर तोडले. अशा वैद्यकीय सल्ल्याचे केंद्र १९३५ साली रोम येथे स्थापन झाले. तरीही २००६ च्या सागरी श्रम करारानुसार, १०० वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून अधिक काळाच्या आंतरराष्ट्रीय प्रवासास जाणाऱ्या जहाजांवरच डॉक्टर सक्तीचा आहे. अन्यत्र औषधपेटी उघडणारा हात अधिकाऱ्याचाच असतो. किनाऱ्यावरील डॉक्टरचे निदान त्याच्या निरीक्षणावर अवलंबून असल्याने, ते अचूक नोंदविण्याचे शिक्षण हाच रुग्णाचा पहिला आधार ठरतो.