घोस्टची कुळकथा

हार्ड डिस्कवरच्या झाडून सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या, तरी ती डिस्क लावून कॉम्प्युटर सुरू होत नाही. जुन्या पद्धतीच्या पीसीत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा: ४४६ बाइटांत एक छोटा प्रोग्राम, ६४ बाइटांत पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. खूण पटली की मशीन सुरू करणारा बायोस पुढचा कारभार त्या प्रोग्रामकडे सोपवतो. साधी कॉपी या सेक्टरला शिवतच नाही.

युनिक्सवाल्यांकडे १९७४पासून डीडी ही कमांड होती. ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी उतरवते. पण रिकामी जागाही तितक्याच इमानाने उतरवते, त्यामुळे नक्कल लहान डिस्कवर मावत नाही.

१९९५ साली ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी घोस्ट हे डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याला फाइल सिस्टिम वाचता यायची. त्यामुळे भरलेला भाग तेवढा उचलून, पार्टिशन लहान-मोठं करत ते वेगळ्या आकाराच्या डिस्कवर बसवायचं. सगळी डिस्क जीएचओ नावाच्या इमेज फाइलीतही साठवता यायची. मेन्यूत त्यासाठी ‘टू इमेज’ आणि ‘फ्रॉम इमेज’ असे पर्याय होते.

घोस्टचं खरं मोल मला दिसतं ते डॉसच्या फ्लॉपीवरून चालण्यात. विंडोज चालू असताना तिच्या कित्येक फाइली उघड्या असतात, क्षणाक्षणाला बदलत असतात. फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की विंडोज जागीच होत नसे; डिस्क निवांत हाती यायची. आणि विंडोज पार कोलमडली, तरी तीच फ्लॉपी घालून जुनी इमेज परत उतरवता यायची. बॅकअप घेण्याची वाट आणि परत येण्याची वाट एकच होती, आणि ती बिघडलेल्या विंडोजवर अवलंबून नव्हती.

१९९८मध्ये सिमँटेकने बायनरी रिसर्च विकत घेतली. विंडोज एक्सपीच्या काळात शॅडो कॉपी ही सोय आली आणि चालू यंत्रणेचाही बॅकअप घेता येऊ लागला. सिमँटेकच्या २००४च्या नॉर्टन घोस्ट ९चा पाया तर मूळ घोस्टचा उरलाच नव्हता. पॉवरक्वेस्ट कंपनीच्या ड्राइव्ह इमेज या सॉफ्टवेअरवर ते उभं होतं. २०१३मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली. फ्लॉपीची ती रीत मात्र तैवानच्या क्लोनझिलाने पेनड्राइव्हवर चालू ठेवली आहे. नव्या मशीनमध्ये बूटचं सामान पहिल्या सेक्टरऐवजी ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये असतं. इमेज घेताना फक्त सी ड्राइव्हवर खूण केली, तर नेमकं तेच मागे राहतं.