विनंतीच्या अखेरची कोरी ओळ

संकेतस्थळाचा पत्ता टाकताच ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे एक छोटा मजकूर धाडतो. हीच एचटीटीपी विनंती. सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला मात्र हा मजकूर स्वतःच रचावा लागतो. कारण सॉकेट केवळ बाइट्सची ने-आण करते. त्यांचा अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९९१ मध्ये मांडलेली विनंती एकाच ओळीची होती : 'गेट' हा शब्द आणि पुढे पानाचा मार्ग. १९९६ च्या १.० आवृत्तीत या ओळीला आवृत्ती क्रमांक जोडला गेला आणि तिच्याखाली हेडर आले. हेडर म्हणजे नाव, अपूर्णविराम आणि मूल्य. पुढे १.१ आवृत्तीने 'होस्ट' हे हेडर सक्तीचे केले. एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदत असल्याने नेमके कोणते हवे, हे सांगणे भागच होते. ते नसल्यास सर्व्हर ४०० क्रमांकाची चूक कळवतो.

खरी मेख न दिसणाऱ्या चिन्हांत आहे. प्रत्येक ओळ १३ आणि १० या क्रमांकांच्या दोन चिन्हांनी संपते. ही टेलिप्रिंटरची देणगी; एक चिन्ह छपाईचा भाग डावीकडे परत आणी, दुसरे कागद पुढे सरकवी. हेडर संपल्याची खूण म्हणजे एक कोरी ओळ. नवशिका नेमकी तीच विसरतो. मग सर्व्हर उरलेल्या मजकुराची वाट पाहतो आणि प्रोग्रॅम उत्तराची. चुकीचा संदेशही लगेच येत नाही.

'पोस्ट' विनंतीत कोऱ्या ओळीनंतर माहिती असते आणि तिची लांबी 'कंटेंट-लेंग्थ' या हेडरमध्ये बाइट्समध्ये द्यावी लागते, अक्षरांत नव्हे. मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेते. 'पुणे' हा दोन अक्षरी शब्द मात्रा-उकार धरून चार चिन्हांचा, म्हणजे १२ बाइट्सचा होतो. लांबी ४ सांगितली, तर उरलेले ८ बाइट्स त्याच जोडणीवरील पुढच्या विनंतीचा आरंभ समजले जाऊ शकतात. एकामागे एक असलेल्या दोन सर्व्हरनी हा शेवट वेगवेगळा मोजला, तर हल्लेखोराला एका विनंतीच्या पोटात दुसरी दडवून नेता येते. हा धोका २००५ मध्ये सविस्तर मांडला गेला.

२०१५ च्या एचटीटीपी/२ ने ओळींऐवजी द्विमान चौकटी आणल्या. तरीही १.१ वापरातून गेलेले नाही. सराव करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : ८० क्रमांकाच्या पोर्टवर बिनचूक विनंती पाठवूनही अनेक संकेतस्थळे पान देत नाहीत, ३०१ असे उत्तर देऊन ४४३ क्रमांकाच्या सुरक्षित पोर्टकडे वळवतात. तेथे आधी टीएलएसची जोडणी करावी लागते.