आजीचं वय नक्की किती?

तर मंडळी, मागच्या महिन्यात डोंगरकड्याला गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव. केळी आणि हळद.) आजीने दारातच विचारलं, "कोणाचा रे तू?" मला वाटलं गंमत करतेय. नव्हती करत.

गावात यावर निदान तयार असतं: साठी बुद्धी नाठी. म्हातारपणी व्हायचंच असं. पुण्याला परत आल्यावर वीकेंडभर वाचत बसलो आणि लक्षात आलं, की डॉक्टर मंडळीसुद्धा कितीतरी वर्षं साधारण हेच म्हणत होती.

अल्झायमरची पहिली पेशंट म्हातारी नव्हतीच. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाची बाई आली तेव्हा तिचं वय होतं ५१. १९०६ मध्ये ती गेली. आलॉइस अल्झायमरने तिच्या मेंदूच्या चकत्या चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यात गाठी आणि गुंते दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला नाव दिलं, पण तरुण वयात येणारा दुर्मिळ आजार म्हणून. सत्तरीतल्या माणसाला तेच झालं तर तो आजार नाही, ते म्हातारपण! १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्या पेशंट्सचे मेंदू तपासले, तर त्यातही त्याच गाठी. १९७६ मध्ये रॉबर्ट काट्झमनने स्पष्टच लिहिलं, की दोन्ही एकच आहे. म्हणजे 'साठी बुद्धी नाठी' खोडायला ६६ वर्षं लागली.

पण हे सगळं माणूस गेल्यानंतर. जिवंत माणसाच्या डोक्यात कसं बघणार? १९१९ मध्ये वॉल्टर डँडीने एक उपाय काढला होता. पाठीच्या कण्यातून सुई घालून मेंदूभोवतालच्या पाण्याच्या जागी हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा. त्यानंतर भयानक डोकेदुखी आणि उलट्या. माझ्या आजीवर हे कोणी केलं असतं तर मी त्याच्यावर दगड उचलला असता.

मग आला आपला माणूस, म्हणजे इंजिनियर :-) गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, नोकरी ईएमआयमध्ये, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्डी काढणारी तीच कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विम्बल्डनमध्ये त्याच्या सीटी स्कॅनरने पहिल्या पेशंटचा मेंदू पाहिला. चित्र किती, तर ८० बाय ८० पिक्सेल. आपल्या मोबाईलवरचा आयकॉनसुद्धा त्याहून मोठा असतो. तरी १९७९ चं नोबेल मिळालं, आणि योग्यच मिळालं. पुढे एमआरआय आला आणि स्मरणशक्तीचा जो मुख्य भाग, हिप्पोकॅम्पस, तो किती आकसलाय हे नीट दिसायला लागलं.

इथे खरी गोची आहे. वयाबरोबर सगळ्यांचाच मेंदू थोडा आकसतो. मग किती म्हणजे जास्त? १९९२ मध्ये फिलिप शेल्टन्स आणि सहकाऱ्यांनी ० ते ४ अशी एक मोजपट्टी काढली. नंतर रूढ झालेला ढोबळ नियम असा, की ७५ च्या आत २ आला तर तो जास्त, ७५ च्या पुढे ३ पासून जास्त. चक्क इफ-एल्स! तरुण पेशंट्सची कथा आणखी उलटी. पन्नाशीत कधीकधी हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत असतो आणि मेंदूचा मागचा भाग आकसतो. माणूस विसरत नाही, त्याला अंतराचा अंदाज येत नाही. तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन चष्मे बदलत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, गाठीच का नाही बघत सरळ? बघतात. पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी थायोफ्लेविन या रंगापासून गाठींना चिकटणारं रसायन बनवलं आणि २००२ मध्ये स्वीडनच्या उप्सालात पहिल्या माणसाचं पेट स्कॅनिंग झालं. त्याच वर्षी मुंबईत परळला, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भारतातला पहिला पेट स्कॅनर सुरू झाला. पण पेटमध्ये सर्रास वापरतात तो फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून डोंगरकड्याला अकरा तास धरा, म्हणजे उरला चौसष्टावा भाग. आणि इथेही वय आडवं येतंच. स्मरणशक्ती उत्तम असलेल्या लोकांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के जणांच्या मेंदूत गाठींचं द्रव्य सापडतं. तोच रिपोर्ट ५५ व्या वर्षी खूप काही सांगतो, ८५ व्या वर्षी बराच कमी.

असो. आजीला नांदेडला नेलं. थायरॉइड, बी-१२, मग एमआरआय. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, पण आजी शाळेत गेलेलीच नाही, तिने पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघितलं. मोजपट्टीवर आकडा आला २.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या स्कॅनवरून मी काही ठरवणार नाही. पण वय किती यांचं?"

आधार कार्डावर १ जानेवारी १९५३. (मराठवाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, तो मास्तरांनी नाहीतर ऑपरेटरने ठरवलेला.) म्हणजे पंचाहत्तरच्या आत. म्हणजे २ जास्त.

मामाने वाकून विचारलं, "माय, रझाकाराच्या वेळेस तू केवढी होतीस गं?"

मला न ओळखणारी आजी क्षणाचाही वेळ न घेता म्हणाली, "पाळण्यात. माय सांगायची, मला घेऊन रातभर तुरीत लपून बसली होती."

१९४८. म्हणजे आजी पंचाहत्तरच्या पुढे. म्हणजे २ वयाला धरूनच.

डॉक्टर थोडा वेळ गप्प होते. मग फाइलवरचं आधारचं वय खोडून त्यांनी '७७' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं.