फळीला पर कोठे लावावा?



या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त, तह आणि लढाया यांचा इतिहास आपण नेहमी ऐकत आला आहात. आमचा आजचा विषय वीतभर लाकडाच्या तुकड्याचा आहे. समुद्राच्या लाटेवर उभे राहून घसरत जाण्याची जी फळी असते, जिला आता सर्वत्र सर्फबोर्ड म्हणतात, तिच्या तळाला मागच्या बाजूस माशाच्या परासारखे एक पाते बसवलेले असते. ते पाते नेमके कोठे बसवावे, एवढाच प्रश्न. आम्ही स्वतः अशा फळीवर कधी उभे राहिलेलो नाही, आणि या वयात राहण्याचा संभवही नाही. आमचे आयुष्य गोदी कामगारांच्या सभा, मागण्यांचे अर्ज आणि वाटाघाटी यांत गेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने दिले. परंतु होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांच्या शेजारी बसण्याचे भाग्य आम्हाला पुष्कळ लाभले. सुकाणू चार बोटे इकडचे तिकडे झाले की होडी कशी ऐकेनाशी होते, हे त्यांच्या तोंडून ऐकले. म्हणून या फळीच्या इतिहासाची गोडी लागली. दुसरे कारण असे की हा सारा शोध घरामागच्या अंगणात, कानस आणि रंधा घेऊन, हाताने काम करणाऱ्या माणसांनी लावला. त्यांना त्याचे काय मिळाले, हा तर आमच्या धंद्याचाच प्रश्न आहे.

मूळ हवाई बेटांतले. कुकच्या जहाजांवरील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली केआलाकेकुआच्या उपसागरात लोकांना फळ्यांवरून लाटांशी खेळताना पाहिले आणि लिहून ठेवले. तेथे सरदारांच्या लांबलचक फळ्यांना ‘ओलो’ म्हणत, सामान्य लोकांच्या पातळ फळ्यांना ‘आलाया’. दोन्हींच्या तळाला काही नव्हते. तळ साफ गुळगुळीत. लाट उतरताना फळी आडवी घसरू लागली की बसणाऱ्याने अंग झुकवावे, किंवा मागचा पाय पाण्यात घालून ओढावा, एवढाच उपाय. पुढे एकोणिसाव्या शतकात रोगांनी हवाईची वस्ती ओसरली, धर्मोपदेशकांना हा खेळ रुचला नाही, आणि तो जवळजवळ बुडाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकिकीच्या किनाऱ्यावर त्याने पुन्हा डोके वर काढले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारा ड्यूक कहानामोकू याने तो ऑस्ट्रेलियापर्यंत नेला. तरीही फळी जुनीच होती: जड, सपाट आणि बिनपराची.

पहिला पर लावला टॉम ब्लेक याने, १९३५ साली. हा विस्कॉन्सिनचा, म्हणजे समुद्रापासून पार दूरच्या मुलखात जन्मलेला माणूस. त्याने आधी पोकळ फळी बनवून तिचे पेटंटही घेतले होते. वाइकिकीला त्याला एका टाकून दिलेल्या वेगवान मोटारबोटीच्या तळाचे पाते सापडले. फूटभर लांब, चार इंच खोल. ते त्याने आपल्या फळीच्या शेपटाखाली मध्यभागी बसवले. ज्या फळीचे शेपूट आजवर बर्फावरच्या गाडीसारखे बाजूला सरके, ती एकाएकी सांगाल तिकडे जाऊ लागली. मौजेची गोष्ट अशी की हा पर सर्वांच्या गळी उतरायला दहाएक वर्षे गेली. नवे हत्यार कारखान्यात आले की जुने कारागीर त्याच्याकडे कसे पाहतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. आणि नेहमीच जुने कारागीर चुकतात असेही नाही. १९३७ साली होनोलुलूच्या तिघा तरुणांनी हाच प्रश्न पराशिवाय सोडवला. फ्रॅन हीथ, जॉन केली आणि वॉली फ्रॉइसेथ ही त्यांची नावे. मोठ्या लाटेवर शेपूट घसरते म्हणून त्यांनी सरळ कुऱ्हाड घेतली आणि फळीचे शेपूट तासून अरुंद केले, तळाला नौकेच्या तळासारखा उतार दिला. अरुंद शेपूट पाण्यात रुतू लागले आणि फळी लाटेला धरून राहिली.

येथे क्षणभर थांबून मूळ अडचण समजावून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. शेपूट अरुंद केले की फळी धरते, पण पाण्यात बुडते आणि वेग जातो. शेपूट रुंद ठेवले की पाणी फळीला खालून उचलते आणि ती पाण्यावरून तरंगत सुटते, पण मग धरत नाही. रुंदी हवी आणि धरही हवा, ही ती अडचण. आखूड आणि रुंद फळी घरी बनवणाऱ्यापुढे ती सर्वांत तीव्र होऊन उभी राहते. कारण लांबी कमी केल्यावर माणसाचे वजन उचलण्याचे सारे काम रुंदीवरच येऊन पडते.

हे हिशेबाने ओळखणारा पहिला माणूस कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स. सायकलच्या अपघातात त्याचा एक हात कोपरात कायमचा अधू झालेला. शिक्षण कॅलिफोर्नियाच्या प्रख्यात तंत्रशास्त्र संस्थेत. लिंडसे लॉर्ड या नौकातज्ज्ञाचे, पाण्यावरून घसरत जाणाऱ्या नौकांच्या तळांविषयीचे पुस्तक १९४६ साली निघाले होते. ते नौका बांधणाऱ्यांसाठी लिहिलेले. सिमन्सने ते फळीसाठी वाचले. (ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले त्याच्यापेक्षा भलत्याच माणसाने ते अधिक चांगले वाचावे, याचा आम्हा कपाटात शिकलेल्यांना फार आनंद होतो.) त्याने फळीचे शेपूट भलतेच रुंद ठेवले, वर बाल्सा लाकूड, फोम आणि फायबरग्लास असे हलके साहित्य वापरले. मग त्याला दिसले की मधोमध लावलेला एक पर अशा शेपटाला पुरा पडत नाही. वळताना फळी एका कडेवर कलते. शेपूट रुंद असले की मधला पर पाण्याच्या बाहेर उचलला जातो. ज्या क्षणी त्याची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणी तो हवेत! म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस सिमन्सने एकाचे दोन पर केले आणि ते दोन कडांजवळ नेऊन बसवले. फळी उजवीकडे कलली की उजवा पर पाण्यात खोल जातो, डावीकडे कलली की डावा. आता सांगितल्यावर हे किती सोपे वाटते! 

२६ सप्टेंबर १९५४ रोजी ला होयाजवळच्या विंडनसी येथे लाटेत सिमन्स बुडाला. वय ३५. त्याच्यामागे त्याच्या फळ्या राहिल्या. दोन पर तेथे का लावले याचा हिशेब त्याच्याबरोबर गेला. किनाऱ्यावर पुन्हा एका पराच्या फळ्यांचे राज्य सुरू झाले. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला गोदीतला एक जुना फिटर आठवला. एका यारीचा दोर सारखा घासत असे. त्याने दोर नेणाऱ्या चाकाची बैठक पाऊण इंच बाजूला घेतली आणि घासणे थांबले. तो निवृत्त झाल्यावर दुरुस्तीला आलेल्या साहेबांनी नकाशाप्रमाणे बैठक मूळ जागी नेली. दोर पुन्हा घासू लागला, आणि एके दिवशी तुटला. नशिबाने खाली कोणी नव्हते. चौकशीत कोणी फिटरला बोलावले नाही. आम्ही बोलवा म्हणून अर्ज केला, त्याचे उत्तर आले नाही.

पुढचा इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकात जॉर्ज ग्रीनॉ याने पराचा आकारच बदलला. ट्यूना माशाच्या शेपटीवरून त्याने उंच, निमुळता आणि लवचीक पर बनवला, आणि १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत नॅट यंग तशाच पराच्या फळीवर जिंकला. १९६७ पासून फळ्या झपाट्याने आखूड झाल्या. त्याच वर्षी सॅन डिएगोतच स्टीव्ह लिस नावाच्या तरुणाने गुडघ्यांवर बसून चालवायची एक छोटी फळी बनवली. ती आखूड, रुंद, आणि शेपूट माशासारखे दुभंगलेले. दोन्ही फाट्यांवर कडेला बुटका, लांब बुंध्याचा एकेक लाकडी पर. सिमन्स बुडाला त्याच गावात, तेरा वर्षांनी दोन पर पुन्हा कडेला आले. तशाच एका फळीवर हवाईचा रेनो अबेलिरा १९७६ साली ऑस्ट्रेलियात आला. ती पाहून न्यूकॅसलच्या मार्क रिचर्ड्सने स्वतःच्या हाताने दोन परांच्या फळ्या घडवल्या आणि १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे जगज्जेतेपद मिळवले.

परंतु रिचर्ड्सची फळी सर्वांना वश होईना. सिडनीचा सायमन अँडरसन हा धिप्पाड गडी. मोठ्या लाटेवर दोन परांची फळी त्याच्या पायाखालून निसटे. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याने फ्रँक विल्यम्सची एक फळी पाहिली. दोन परांच्या मागे, मधोमध, अर्धचंद्रासारखा एक छोटासा तिसरा पर होता. अँडरसनने घरी येऊन तिन्ही पर जवळजवळ सारख्या मापाचे केले: दोन कडेला पुढे, एक मध्ये मागे. १९८१ च्या ईस्टरला बेल्स बीचवर प्रचंड लाटा आल्या, आणि त्या फळीवर तो जिंकला. त्याच वर्षी हवाईच्या पाइपलाइनची स्पर्धाही त्याने जिंकली. काही वर्षांतच साऱ्या जगाने तीन परांची फळी घेतली. अँडरसनने पेटंट घेतले नव्हते. लक्षावधी फळ्या विकल्या गेल्या, त्यांवर त्याला हक्काचा असा काही मिळाला नाही.

येथे आमच्या मनात दोन पक्ष उभे राहतात. कामगाराच्या डोक्यातून निघालेल्या युक्तीचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, यासाठी आम्ही तीस वर्षे भांडलो आहोत. पण हेही खरे की तीन परांचा प्रयोग अँडरसनच्या आधी, १९७० च्या सुमारास, कॅलिफोर्नियाच्या कँपबेल बंधूंनी केला होता. मधला छोटा पर विल्यम्सचा. कडेचे दोन रिचर्ड्सचे, त्याच्या आधी लिसचे, त्याच्या आधी सिमन्सचे. प्रत्येकाने आपल्या पराला कुंपण घातले असते तर पुढच्याला पेन्सिल टेकवायला जागा उरली नसती. तरीही अँडरसनला काही मिळू नये हे आम्हाला पटत नाही. कारखानदारांनी आपसांत ठरवून त्याला प्रत्येक फळीमागे चार पैसे दिले असते तर कोणाचे दिवाळे निघाले असते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००६ च्या सुमारास सॅन डिएगोत काही कारागिरांनी सिमन्सचा रुंद तळ घेतला आणि लांबी सहा फुटांच्या आत आणली. ही बुटकी, जाड फळी घरोघर बनू लागली. तिला त्यांनी सिमन्सचेच नाव दिले. समजा अशी एक फळी दोन घोडींवर पालथी ठेवली आहे. तळ घासून झाला आहे, आणि बनवणारा हातात पर घेऊन उभा आहे. त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, कडेपासून किती आत. शेपूट जितके रुंद तितके पर कडेकडे जातात. कारण वर सांगितलेच. दुसरी, टोकापासून किती पुढे. मागे नेले तर फळी सरळ धावते पण वळायला हट्टी होते. पुढे आणले तर झटकन वळते, पण शेपूट सुटते. तीन परांच्या फळीत मागचा पर टोकापासून तीन-साडेतीन इंचांवर आणि कडेचे दोन सुमारे अकरा इंचांवर बसतात. बुटक्या रुंद फळीचे लांब बुंध्याचे दोन पर मात्र पुष्कळ मागे, शेपटाजवळ घेतात, कारण त्यांच्यामागे धरून ठेवायला तिसरा कोणी नसतो. तिसरी गोष्ट, पर नाकाकडे किंचित आत वळवायचे की नाही. तीन परांत कडेचे पर पाव इंचापर्यंत आत वळवतात; त्याने वळणे सुलभ होते, पण सरळ जाताना दोन्ही पर पाणी ढकलत राहतात आणि वेग खातात. सिमन्सच्या वंशातली फळी वेगासाठीच बनवलेली असल्यामुळे पुष्कळ कारागीर तिचे पर मधल्या रेषेला जवळजवळ समांतर ठेवतात. चौथी, पर बाहेर कलता ठेवायचा की उभा. कलता पर कलत्या फळीला साथ देतो, उभा पर धर देतो; येथेही पुष्कळ जण उभाच पसंत करतात.

या चारांतली एक बदलली की बाकीच्या तिन्हींचा हिशेब फिरतो, आणि फायबरग्लासने पक्का केलेला पर तासल्याशिवाय निघत नाही. म्हणून जाणते कारागीर आधी मधली रेषा पेन्सिलीने आखतात, तिच्यापासून दोन्ही बाजू मोजतात, पर नुसते चिकटपट्टीने उभे करतात आणि फळीच्या टोकाशी बसून एक डोळा मिटून पाहतात. मग रेझिन कालवण्याआधी पुन्हा एकदा मोजतात. एक पर दुसऱ्यापेक्षा थोडा जरी पुढे राहिला तरी फळी आयुष्यभर एका बाजूला ओढते.