खडकीची ‘किर्क’ आणि पुण्याची मंडळी : पुढारी कोण नेमतो?

खडकीवर काम करणार असाल तर एक प्रयोग करून बघा. जुन्या इंग्रजी कागदांच्या कुठल्याही डिजिटल संग्रहात ‘किर्क’ हा शब्द शोधा. उत्तरांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळून येतील. एक ‘किर्की’, म्हणजे खडकाळ जमिनीच्या आपल्या खडकीचं साहेबी रूप. दुसरी स्कॉटलंडच्या बोलीतली ‘किर्क’, म्हणजे चर्च. दोन शब्दांचं नातं काहीच नाही. पण १८१७ च्या लढाईनंतर खडकीला छावणी वसली आणि तिथे स्कॉटिश सैनिकही येत-जात राहिले. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच पानावर भेटू शकतात. तेव्हा पहिला नियम असा: शोधाचे निकाल मोजण्याआधी वाचा.

आता मुख्य प्रश्न. या स्कॉटिश, म्हणजे प्रेस्बिटेरियन, पंथात मंडळीचा पुढारी कोण ठरवतो? प्रश्न कारकुनी वाटतो, पण या पंथाची श्रद्धा समजायला हाच दरवाजा सोयीचा आहे.

नावातच रचना आहे

ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयाने किंवा मानाने मोठा. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘वडील’ हा शब्द आहे. अँग्लिकन चर्चमध्ये बिशप सगळ्यांच्या वर असतो. काँग्रिगेशनल पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. प्रेस्बिटेरियन व्यवस्था या दोहोंच्या मधली. इथे वडील दोन प्रकारचे: उपदेश करणारा पाळक, आणि मंडळीने निवडलेले, कारभार बघणारे वडील. दोघे मिळून मंडळीचा कारभार चालवतात. वरच्या पायरीवर परिसरातल्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, मग सिनड, शेवटी जनरल असेंब्ली. पाळकाला मंडळी बोलावते, दीक्षा मात्र प्रेस्बिटरी देते. आणि प्रेस्बिटरीत सगळे पाळक एका दर्जाचे.

याला ते आधार देतात तो बायबलचाच. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आधी ‘वडील’ येतात आणि दोनच ओळींनंतर त्याच माणसांबद्दल ‘अध्यक्ष’ हा शब्द येतो. म्हणजे बिशप हे वेगळं, वरचं पद नाहीच, असा त्यांचा युक्तिवाद.

मराठीत मात्र एक गंमत होते. ‘वडील’ म्हटलं की आपल्याला बाप आठवतो, आणि बाप काही निवडून येत नाही. हा निवडलेला ‘वडील’ आहे, हे वाचताना स्वतःला बजावत राहावं लागतं.

श्रद्धा थोडक्यात

या पंथाचा कबुलीजबाब १६४० च्या दशकात लंडनच्या वेस्टमिन्स्टर इथे तयार झाला. त्याबरोबरची लहान प्रश्नोत्तरी १०७ प्रश्नांची आहे. गाभा असा: देव सार्वभौम आहे, श्रद्धा आणि आचरण यांत शास्त्र हेच अंतिम प्रमाण, तारण माणसाच्या पुण्याने नाही, कृपेने मिळतं, संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, विश्वासणाऱ्यांच्या लहान मुलांनाही बाप्तिस्मा देता येतो, आणि मंडळीचं मस्तक एकटा ख्रिस्त. शेवटचं वाक्य नीट बघा. मस्तक ख्रिस्त असेल तर राजाचं किंवा जमीनदाराचं तिथे काय काम?

१८४३

स्कॉटलंडमध्ये याच मुद्द्यावर चर्च फुटलं. गावच्या मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादण्याचा हक्क जमीनदाराला होता. त्याविरुद्ध मे १८४३ मध्ये सुमारे ४७० पाळक बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. त्या चर्चचे भारतातले मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. मुंबईत जॉन विल्सन होते, पुण्यात जेम्स मिचेल. तत्त्वासाठी इमारती सोडाव्या लागल्या.

आता खडकी आणि पुणे शेजारी ठेवून बघा. १८१३ च्या सनदेनंतर कंपनीने प्रत्येक इलाख्यात स्कॉटिश चर्चचाही धर्मगुरू नेमायला सुरुवात केली होती. ही सरकारी पदं फुटीनंतरही जुन्या, प्रस्थापित चर्चकडे राहिली. छावणीतल्या प्रेस्बिटेरियन शिपायाचा धर्मगुरू असा सरकारी पगारावर होता. शहरातली मराठी मंडळी मात्र फ्री चर्चची. कबुलीजबाब तोच, प्रश्नोत्तरी तीच, पण पुढाऱ्याच्या नेमणुकीचं उत्तर वेगळं. नुसता ‘प्रेस्बिटेरियन’ हा शिक्का बघून दोन्हींना एका रकान्यात टाकलंत तर हाच फरक हरवतो.

मराठी पाळक

१८४३ मध्येच मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मोठा वाद झाला. नारायण मात्र फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवलं. बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’चे लेखक, १८६७ मध्ये दीक्षित होऊन पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक झाले.

नियमानुसार हे दोघे प्रेस्बिटरीत स्कॉटिश पाळकांच्या बरोबरीचे. पण मिशन ही मंडळीपेक्षा वेगळी यंत्रणा होती आणि तिचा पैसा स्कॉटलंडच्या समितीकडून येई. म्हणजे मत सारखं, तिजोरीची किल्ली एकाकडेच. एखाद्या मराठी पाळकाची खरी सत्ता किती होती, हे प्रश्नोत्तरी वाचून कळणार नाही. त्यासाठी पगार कोण देतं, शाळेचा मास्तर कोण नेमतं, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे बघावं लागेल.

तुमच्या कामासाठी

प्रयोगशाळेत आपण गृहीतक आणि मोजमाप वेगळ्या वह्यांत ठेवतो. इथेही तीन थर वेगळे ठेवा: कबुलीजबाब (काय मानतात), घटना (कोणाला कोणता अधिकार), आणि इतिवृत्तं व हिशेब (प्रत्यक्षात काय झालं). फ्री चर्चच्या मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. छावण्यांतले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या कागदांत. ‘ज्ञानोदय’ जरूर वाचा. पण १८४२ मध्ये ते अहमदनगरला सुरू झालं ते अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेचं. शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल लिहिलेलं आहे, असं समजून वाचा.

अजून एक सावधगिरी. जोतीराव फुले १८४० च्या दशकात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ते त्या मंडळीचे सभासद नव्हते. शाळेचा पट आणि मंडळीचा पट यांची बेरीज करू नका.

पुढची कडीही लक्षात असू द्या. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला ते इतर पाच चर्चांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलं. या नव्या चर्चला बिशप आहेत. म्हणजे ज्या परंपरेने बिशपला नाही म्हटलं, तिच्यातल्या मंडळ्यांनी तो स्वीकारला. तो कोणत्या अटींवर, आणि निवडलेल्या वडिलांचं काय झालं? प्रबंधाचा विषय शोधत असाल तर हा प्रश्न घ्या.